आधी माफी की आधी हिशेब?

कासारसाई धरणाच्या काठावर सुटीच्या दिवशी पुण्या-पिंपरीकडून माणसांची रीघ लागते. हिंजवडीच्या कंपन्या इथून जवळच. गळीत हंगाम चालू असला की श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि फिरायला आलेल्यांच्या मोटारी एकाच रस्त्यावर समोरासमोर येतात. उपवासकाळातल्या एका शनिवारी एक मराठी ख्रिस्ती मंडळी एका दिवसाच्या रिट्रीटसाठी इथे आली आहे, असे समजू. गाणी झाली, प्रार्थना झाली, डबे सुटले; आणि दोन माणसे बाकीच्यांपासून जरा बाजूला बसून वाद घालू लागली.

एक आहे निवृत्त शिक्षिका. माहेर नगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. बालपण मिशनच्या आवारात गेलेले. दुसरा तिचा भाचा, हिंजवडीत नोकरी करणारा आणि मंडळीच्या कमिटीचा चिटणीस. वादाचे कारण मंडळीचा खजिनदार. गरजूंसाठी ठेवलेल्या निधीतले पैसे त्याने घरखर्चाला वापरले. प्रकरण उघडकीला आल्यावर रविवारच्या उपासनेत तो सगळ्यांसमोर उभा राहिला, रडला, माफी मागितली. पुढच्या आठवड्यात कमिटी बसणार आहे.

ही मंडळी आणि ही दोन माणसे कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारे दाखले मात्र बायबलमधले, इतिहासातले आणि न्यायालयांतले आहेत.

"माणूस भर उपासनेत रडला," आत्या म्हणते. "याहून जास्त काय करायचं त्याने? पेत्राने प्रभूला विचारलं, भावाला सात वेळा क्षमा करू का? त्यावर काय उत्तर मिळालं ते तुला संडे स्कूलपासून पाठ आहे."

"पाठ आहे, आत्या. आणि मत्तयच्या त्याच अठराव्या अध्यायात पेत्राच्या प्रश्नाच्या जरा आधी काय लिहिलंय तेही पाठ आहे. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांग. ऐकलं नाही तर एकदोघांना साक्षीला घेऊन जा. तरीही नाही ऐकलं तर मंडळीपुढे ठेव. म्हणजे चौकशी आधी आहे, क्षमेचा आकडा नंतर. आपण मधलं सगळं सोडून थेट शेवट गाठतो."

"लूकमध्येही तेच आहे," तो पुढे म्हणतो. "भावाने पाप केलं तर त्याला दटाव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. दटावणं गाळून क्षमा करायला कुठे सांगितलंय?"

पौलाच्या पत्रांतही ही ओढाताण दिसते. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो एका अपराध्याला मंडळीबाहेर काढायला सांगतो. दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, शिक्षा भोगून झालेला एक माणूस दुःखात बुडून जाऊ नये म्हणून त्याला क्षमा करा, धीर द्या, असे विनवतो. दोन्हीकडचा माणूस एकच, असे जुन्या भाष्यकारांपैकी पुष्कळांनी मानले. आजचे सगळे अभ्यासक तसे मानत नाहीत. पण बाहेर काढणे आणि परत घेणे, या दोन्ही गोष्टींची जबाबदारी त्याने एकाच मंडळीवर टाकली आहे. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती परंपरांनी हा भार आपापल्या रीतीने उचलला. कॅथलिकांकडे धर्मगुरूपुढे एकांतात पापनिवेदन होते आणि ते गुपित धर्मगुरूला कोणत्याही कारणाने फोडता येत नाही. प्रोटेस्टंटांकडे वडीलजनांची सभा बसे आणि अपराध्याला काही काळ प्रभुभोजनापासून दूर ठेवले जाई. पहिल्या पद्धतीत माणसाची अब्रू राखली जाते. दुसरीत सगळ्यांना कळते.

"आणि कळल्यावर काय होतं ते मी मिशनच्या आवारात पाहिलंय," आत्या म्हणते. "लोक माणसाचा गुन्हा सोडून त्याचं मन तपासायला बसतात. रमाबाईंचं काय केलं ते आठव."

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी, सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाला असताना बाप्तिस्मा घेतला. पती बिपिन बिहारी मेधावी आदल्याच वर्षी वारले होते. लेक मनोरमा अडीच वर्षांची होती. संघातल्या सिस्टर जेराल्डिन रमाबाईंच्या धार्मिक मार्गदर्शक झाल्या आणि पुढे दोघींमध्ये पत्रांचा दीर्घ झगडा चालला. रमाबाई त्रैक्याच्या सिद्धान्ताबद्दल शंका विचारत. धर्माधिकाऱ्यांच्या शब्दापेक्षा बायबल आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी मोठी मानत. अंडे घातलेला पदार्थ त्या खात नसत. जेराल्डिनबाईंना या सगळ्यात गर्व दिसला, जातीचा उरलासुरला अभिमान दिसला. रमाबाईंच्या उत्तराचा आशय असा होता की, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी नुकती सुटले आहे, आता दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देणार नाही. हा पत्रव्यवहार जेराल्डिनबाईंनीच जपून ठेवला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली तो ग्रंथरूपाने काढला.

"जेराल्डिनबाई काही दुष्ट नव्हत्या," आत्या म्हणते. "त्यांचा जीव होता रमाबाईंवर. तरीसुद्धा समोरच्या बाईचं अंतःकरण आपल्याला दिसतंय असं त्या समजल्या. इकडे पुण्यातही तेच. १८९३ मध्ये रमाबाईंच्या शारदासदन या शाळेतल्या मुली ख्रिस्ती होतायत म्हणून गदारोळ उठला, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं. म्हणजे ख्रिस्त्यांच्या नजरेत ती पुरेशी ख्रिस्ती नाही, आणि पुणेकरांच्या नजरेत नको इतकी ख्रिस्ती. न्याय करायला बसलेल्या माणसांनी एका बाईला दोन्हीकडून असं घेरलं. म्हणून प्रभू म्हणाला, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढण्याआधी आपल्या डोळ्यातलं मुसळ बघ."

भाचा हे सगळे मान्य करतो, पण त्यातून वेगळाच निष्कर्ष काढतो.

"तिथे गुन्हा काय होता, आत्या? शंका विचारणं? अंडं न खाणं? कुणाचं पैचं नुकसान झालं नव्हतं. तिथे न्याय करायला बसणंच चुकलं. पंचहौद मिशनच्या चहाचं प्रकरण घे. तेही तसंच."

ऑक्टोबर १८९० मधली ती घटना पुण्याच्या इतिहासात गाजलेली आहे. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आला. कुणी तो घेतला, कुणी नुसताच कप हाती धरला. गोपाळराव जोशी यांनी नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा त्यांचे सुधारक स्नेही नाराज झाले.

"चहाच्या त्या कपाने कुणाचं काय बुडालं?" भाचा विचारतो. "कुणाचंच नाही. रमाबाईंच्या शंकांनीही नाही. पण आपल्या निधीतून पैसे गेले, तेव्हा ज्यांच्या औषधपाण्याला ते मिळायचे होते त्यांचं बुडालं. मन तपासू नका, हे मला कबूल आहे. वही तरी तपासू द्या."

आत्याला हा फरक पटतो. पण ती रमाबाईंना सोडत नाही, कारण तिचा मुख्य दाखला अजून यायचा आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, दौंड तालुक्यात केडगाव आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायकांना आणून रमाबाईंनी तिथे जे वसवले ते मुक्ती मिशन. त्याच आवारात १८९९ च्या सुमारास कृपासदन सुरू झाले. ज्या बायकांची फसवणूक झाली, ज्यांना वापरून टाकून दिले, ज्यांना त्या काळची भाषा सरसकट 'पतित' म्हणे, त्यांच्यासाठी ते घर होते.

"तिथे दारात चौकशी समिती बसवली नव्हती रमाबाईंनी," आत्या म्हणते. "आधी आत घेतलं, जेवू घातलं, शिकवलं. व्यभिचारात धरलेल्या बाईला प्रभूने तेच केलं. दगड मारणारे निघून गेले, आणि मग तो तिच्याशी बोलला. आधी दया. सुधारणा तिच्या मागून येते."

"आत्या, कृपासदनातल्या बायकांचा अपराध काय होता?"

ती थांबते.

"फसवलं त्यांना दुसऱ्यांनी," तो म्हणतो. "त्यांना माफीची गरजच नव्हती. त्यांना न्याय हवा होता, आणि तो मिळत नव्हता म्हणून रमाबाईंनी निदान घर तरी दिलं. मंदिरात आणलेल्या त्या बाईच्या गोष्टीतही तेच आहे. तिच्याबरोबरचा पुरुष कुठे होता? त्याला कुणी पकडून आणलं नाही. आपण सोसणाऱ्यांना अपराधी म्हणतो, मग त्यांना माफ करून स्वतःची पाठ थोपटून घेतो."

आत्या थोड्या वेळाने बोलते. "खरं आहे. माफीची गरज त्यांना नव्हती, त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्यांना होती. हे मी असं कधी मांडलं नव्हतं."

इथून पुढे वादाचा प्रश्न बदलतो. क्षमा करावी की नाही, यावर दोघांचे दुमत नाही. क्षमा कुणी कुणाला करायची, आणि ती कर असे सांगण्याचा अधिकार कुणाला, हे ठरवायचे आहे. मंडळ्यांमध्ये हा सल्ला बहुतेक वेळा खालच्या बाजूला दिला जातो. मार खाणाऱ्या बायकोला सांगितले जाते, प्रार्थना कर आणि क्षमा कर. मारणाऱ्या नवऱ्याला कमिटीपुढे बोलावले जातेच असे नाही.

ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदाही दीर्घकाळ याच बाजूला झुकलेला होता. १८६९ च्या कायद्यानुसार नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरे होते. बायकोला मात्र नवऱ्याचा नुसता व्यभिचार दाखवून भागत नसे. त्याच्या जोडीला क्रूरता किंवा त्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये ही जोडअट अवैध ठरवली आणि संसदेने २००१ च्या दुरुस्तीने कारणे दोघांना सारखी केली. म्हणजे नुसती मारहाण हे घटस्फोटाला पुरेसे कारण आहे, हे कायद्याच्या पुस्तकात यायला १३० वर्षांहून अधिक काळ गेला. तेवढ्या वर्षांत किती बायकांना क्षमेचा उपदेश ऐकून घरी परतावे लागले असेल!

"तुला लक्ष्मीबाई आवडतात ना?" भाचा विचारतो. "त्यांना कुणी घाई केली होती का?"

आत्याचा चेहरा उजळतो. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना घरादारासह एकाएकी उघडे पडल्यासारखे झाले. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. मग एकत्र आल्या तेही आपल्या अटींवर, आपला आचार सांभाळून. जातीभेद माणसाने केला की देवाने, याचा विचार त्यांनी स्वतःच्या डोक्याने केला आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात हे सगळे आले आहे. त्या पुस्तकात टिळकांबद्दलचा राग लपवलेला नाही आणि प्रेमही लपवलेले नाही.

"नाही, त्यांना कुणी घाई करू शकलं नाही," ती म्हणते. "करू दिली असती तर त्या लक्ष्मीबाई नव्हेतच. पण शेवटी त्यांनी मन मोकळं केलं, हे विसरू नकोस. तू नुसता वेळ मोजतोयस, मी त्या वेळाच्या शेवटी काय झालं ते बघतेय. ग्लॅडिस स्टेन्सबाईंचंही तसंच."

हे नाव निघाल्यावर दोघेही जरा सावरून बसतात.

२२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या केओंझर जिल्ह्यात मनोहरपूर गावी, गाडीत झोपलेले ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची मुले, १० वर्षांचा फिलिप आणि ६ वर्षांचा टिमोथी, यांना जमावाने जिवंत जाळले. स्टेन्स बारीपद्याला कुष्ठरुग्णांची सेवा करत होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. त्या भारत सोडून गेल्या नाहीत. आणखी काही वर्षे इथेच राहून त्यांनी कुष्ठरुग्णांचे काम चालवले. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

"हे मी शाळेत मुलांना सांगायचे," आत्या म्हणते. "सांगताना दर वेळी आवाज दाटायचा."

"पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती आपण प्रवचनात गाळतो. माझी क्षमा वेगळी आणि कायद्याचं काम वेगळं, ही त्यांची भूमिका होती. खटला मागे घ्या, असं त्या म्हणाल्या नाहीत."

खटला चाललाच. सप्टेंबर २००३ मध्ये भुवनेश्वरच्या सत्र न्यायालयाने मुख्य आरोपी दारा सिंगला फाशी सुनावली. मे २००५ मध्ये ओडिशा उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि बाकीच्या बहुतेक आरोपींना सोडले. २१ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. त्या निकालात धर्मांतराविषयी काही शेरे होते; देशभर टीका झाल्यावर न्यायालयाने चार दिवसांतच ते काढून टाकले. या सगळ्या वर्षांत ग्लॅडिसबाईंच्या क्षमेला धक्का लागला नाही, आणि त्यांच्या क्षमेने न्यायालयाचा हातही धरला नाही.

आत्या लगेच दुसरे उदाहरण पुढे करते, कारण पहिले तिच्या हातून थोडे निसटले आहे. सिस्टर राणी मारिया केरळच्या पुल्लुवळीच्या. मध्य प्रदेशात उदयनगर भागात त्या भूमिहीन आदिवासींना सावकारांच्या कर्जातून सोडवण्याचे काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये समुंदर सिंग नावाच्या तरुणाने त्यांना भोसकून मारले. त्याला जन्मठेप झाली. ऑगस्ट २००२ मध्ये राणी मारियाची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेला लेखी संमती दिली. २००६ मध्ये तो सुटला. पुढे केरळला त्यांच्या घरी गेला, तेव्हा राणी मारियाच्या आईने त्याला जवळ घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आले, त्या सोहळ्याला समुंदर सिंग हजर होता.

"इथे तर क्षमेने तुरुंगाचं दार उघडलं," आत्या म्हणते. "आता बोल."

"वर्षं बघ, आत्या. गुन्हा १९९५ चा, राखी २००२ ची, सुटका २००६ ची. सात वर्षं तो गजाआड होता तेव्हा बहीण भेटायला गेली, आणि अकरा वर्षांनी तो सुटला, तोही सरकारी प्रक्रियेतून. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे राखी कुणी बांधली? सख्ख्या बहिणीने. संमती कुणी दिली? घरच्यांनी. कुठल्या कमिटीने ठराव करून तिच्या वतीने माफी दिलेली नाही."

न्यायव्यवस्थेतही ही रेघ बरीचशी अशीच ओढलेली आहे. विश्वासघाताच्या ज्या गुन्ह्यांत तडजोड चालते, तिथे ती करण्याचा अधिकार ज्याची मालमत्ता गेली त्याला असतो. खून, बलात्कार असे गुन्हे समाजाविरुद्धचे मानले जातात. फिर्यादी आणि आरोपी यांच्यात समेट झाला म्हणून असे खटले रद्द करू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ग्यान सिंग प्रकरणात स्पष्ट केले. त्याच वर्षी आलेल्या पॉक्सो कायद्याने तर बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले. न कळवणे हा गुन्हा आहे. पाळक, वडीलजन, शाळेचे मुख्याध्यापक, वसतिगृहाचे अधीक्षक, सगळे त्यात आले. मुलाच्या आईबापांना एकत्र बसवून 'मिटवून टाकू' म्हणण्याचा हक्क कोणत्याही मंडळीला नाही.

"म्हणजे तुझ्या हिशेबाने मंडळीने क्षमा करायचीच नाही?" आत्याचा आवाज आता चढलेला आहे. "सगळं कोर्टाने आणि ऑडिटरने बघायचं असेल तर आपण रविवारी एकत्र कशाला येतो? एकमेकांचं ओझं उचलायला सांगितलंय आपल्याला. फिलेमोनाचं पत्र काढ. पळून आलेल्या अनेसिमाला पौल परत पाठवतो आणि मालकाला लिहितो की याला भाऊ म्हणून घे."

"आणि त्याने तुझं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड, असंही लिहितो," भाचा शांतपणे म्हणतो. "देणं नाहीच, असं म्हणत नाही तो. भरायला स्वतः पुढे होतो. मत्तयमधल्या राजाच्या दाखल्यातही राजाने दहा हजार तालंत सोडले, ते त्याच्या स्वतःच्या खजिन्यातले. क्षमेची किंमत क्षमा करणाऱ्याने मोजली. कमिटी जर निधीतले पैसे माफ करते म्हणाली, तर ती कुणाच्या खिशातून माफ करते?"

आत्या बराच वेळ काही बोलत नाही. मग म्हणते, "माझ्या पेन्शनमधून मी थोडे भरीन."

"तू भरलेस तर ती खरी क्षमा. मीही भरीन. पण मग त्यानेही भरायचे. जक्कयाने प्रभूचं आपल्या घरी स्वागत केलं तेव्हा तो नुसता रडत बसला नाही. ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत देईन म्हणाला."

डीट्रिश बॉनहॉफर या जर्मन पाळकाने १९३७ च्या आपल्या पुस्तकात ज्या कृपेसाठी माणसाला काहीच बदलावे लागत नाही तिला स्वस्त कृपा म्हटले. हिटलरपुढे मान तुकवणारे जर्मनीतले चर्च तो रोज पाहत होता. एप्रिल १९४५ मध्ये नाझींनी त्याला फाशी दिली. त्याचा इशारा हिंजवडीजवळच्या एका छोट्या मंडळीलाही लागू पडतो, कारण रडणे आणि परत देणे यांतला फरक रक्कम लहान आहे म्हणून मिटत नाही.

संस्थांनीही हा फरक स्वतःला लावून घ्यायला हवा. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या गतकाळातल्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने दलित ख्रिस्त्यांविषयीचे धोरण प्रसिद्ध करून चर्चमधला जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप असल्याचे मान्य केले. दफनभूमीत वेगळी जागा, उपासनेत मागची रांग हे देशातल्या अनेक चर्चमध्ये घडलेले आहे. अशा कबुलीनंतर किती कुटुंबांना शाळेत प्रवेश मिळाला, नेमणुकांत वाटा मिळाला, स्मशानातल्या भिंती पडल्या, हे विचारणे म्हणजे क्षमेला नकार देणे नव्हे. कबुलीचा मान राखायचा तर हे विचारावेच लागेल.

उन्हे उतरायला लागतात तशी मंडळीची आवराआवर सुरू होते. दोघांचे पूर्ण एकमत झालेले नाही. पोलिसांत जायचे की नाही, यावर आत्या अजून नाही म्हणते. पैसे परत येत असतील आणि ज्यांचा निधी आहे ते मान्य करत असतील तर त्या माणसाच्या शाळेत जाणाऱ्या मुलांचा विचार करावा, असे तिचे म्हणणे आहे. भाच्याचे म्हणणे असे की हा निर्णय त्या लोकांनी घ्यावा, कमिटीने त्यांना एका बाजूने ढकलू नये. मात्र काही गोष्टी दोघांनी मिळून कागदावर उतरवल्या आहेत. हिशेब बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यायचा. रक्कम हप्त्यांनी परत घ्यायची आणि ते लेखी ठेवायचे. पैशांचे पद त्याला पुन्हा द्यायचे नाही. प्रभुभोजनापासून मात्र त्याला दूर ठेवायचे नाही, आणि त्याच्या घरी जाणे-येणे कुणी थांबवायचे नाही. ज्यांची मदत थांबली त्यांच्याकडे कमिटीने स्वतः जाऊन खरे सांगायचे आणि आधी कमिटीने त्यांची माफी मागायची, कारण इतके महिने वही कुणीच उघडून पाहिली नव्हती.

या शेवटच्या कलमापाशी आत्या थांबली होती. "हे तू लिहिलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "रडायला आपण एकट्याला उभं केलं होतं."

प्रस्तुत लेखकाचा कौल या कागदाच्या बाजूने आहे. माणसाच्या मनाचा न्याय देवावर सोडावा, पण त्याने केलेल्या नुकसानीचा हिशेब मंडळीने घ्यावा. क्षमा ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडेच राहू द्यावी, आणि त्याला ती करायला वेळ लागला तर त्याची श्रद्धा कमी आहे असे कुणी म्हणू नये. ग्लॅडिस स्टेन्स आणि सेल्मी पॉल यांच्या क्षमेपुढे आपण नतमस्तक होतो, कारण ती त्यांची स्वतःची होती. ती उदाहरणे दुसऱ्या कुणा दुखावलेल्या माणसावर दडपण आणण्यासाठी वापरणे हा त्या दोघींवरही अन्याय आहे.

वाचकांपैकी जे कोणत्याही मंडळीचे, पॅरिशचे किंवा ख्रिस्ती संस्थेचे सभासद आहेत त्यांना एक विनंती आहे. महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत सार्वजनिक न्यासांना १९५० च्या कायद्यानुसार हिशेब तपासून घ्यावे लागतात. येत्या वार्षिक सभेत उठून तपासलेला हिशेब मागा, गरजूंचा निधी कुणाला किती मिळाला ते विचारा, आणि मुलांच्या सुरक्षेसाठी तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचे नाव फलकावर लावायला सांगा. हे सगळे कुणाची चूक उघडकीला येण्याच्या आधी करा.